उलटी मात्रा

गुरुवारी सकाळी आठ वाजता महिपतरावांनी चष्मा पुसला, लेबलाचा नमुना खिडकीच्या उजेडात धरला आणि E या अक्षराच्या डोक्यावर तिरकी बसलेली एक बारीक रेघ त्यांना दिसली. त्यांचा उजवा हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे गेला.

ठाण्याच्या एका छापखान्यात चौतीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली होती. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण लाल पेन निवृत्त व्हायला तयार नव्हतं. डोंबिवलीच्या त्यांच्या सोसायटीत लग्नपत्रिका द्यायला येणारे लोक काका अंघोळीला गेल्याची खात्री करूनच बेल वाजवत. नोटीस बोर्डावर पाण्याची नोटीस लागली की तासाभरात तिच्यावर चार लाल गोल उमटत आणि पाणी किती वाजता येणार ते नेमकं एखाद्या गोलाखाली झाकून जाई. सेक्रेटरी महेंद्रच्या दारावर ‘आर्शिवाद’ अशी पितळी पाटी होती. ती लागल्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून महेंद्र जिन्यात, गच्चीवर, दूध आणताना, कुठेही भेटला तरी महिपतराव त्याला सांगत, “शी दीर्घ, आणि रफार वा वर.” महेंद्र हल्ली त्यांना लांबून पाहिलं तरी खिशातून फोन काढून कानाला लावायचा.

लेबल होतं त्यांच्या बायकोच्या, विमलाबाईंच्या चकलीचं. वीस वर्षं त्या दिवाळीला ऑर्डरप्रमाणे चकल्या करून देत होत्या आणि एवढ्या वर्षांत त्यांची चकली लांबात लांब गेली होती ती बदलापूरपर्यंत. पण महिन्यापूर्वी चित्रा नावाच्या एक बाई मॉरिशसहून आल्या. त्यांचे खापरपणजोबा कधीकाळी कोकणातून तिकडे गेलेले. बाई उतरल्या होत्या माजिवड्याला, मैत्रिणीकडे. तिथे कुणीतरी विमलाबाईंची चकली पुढे केली. बाईंनी एक खाल्ली, मग तीन खाल्ल्या, मग करणारीचा पत्ता मागितला. तिकडच्या मराठी मंडळाच्या मेळ्यासाठी दोनशे पाकिटं हवीत, लोकांना आवडली तर पुढे दर महिन्याला पाठवायची, असं ठरलं. विमलाबाईंनी आठ दिवस सोऱ्या खाली ठेवला नव्हता. दंड दुखत होते, पण कुणी विचारलं तर त्या हसून हात मागे घेत. आज संध्याकाळी पाकिटं माजिवड्याला पोचायची होती, कारण बाईंचं विमान दुसऱ्या दिवशी पहाटे होतं.

मॉरिशसचे लोक पाकिटावर फ्रेंच वाचतात. म्हणून मराठी नावाच्या खाली काय छापायचं ते चित्राबाईंनी फोनवर लिहून पाठवलं होतं: SNACK SALÉ. नात कृतिका हिने लेबलाची मांडणी लॅपटॉपवर केली होती. अकरावी-बारावीला मार्क चांगले पडतात म्हणून तिने फ्रेंच घेतलेलं, त्यामुळे या विषयात घरात तिचा शब्द शेवटचा होता. निदान तिचा तसा समज होता.

“हे वाचायचं कसं?” महिपतरावांनी विचारलं.

“साले. स्नॅक साले. म्हणजे खारा खाऊ.”

तेवढ्यात बाथरूमचं दार उघडलं आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून शिवराम बाहेर आला. शिवराम हा विमलाबाईंचा एकुलता एक भाऊ, म्हणजे महिपतरावांचा एकुलता एक साला. राहायचा दिव्याला. तिथे चार दिवस नळाला पाणी नव्हतं, म्हणून तो बहिणीकडे अंघोळीला आला होता आणि आलोच आहे तर जेवूनच जातो, असं त्याने आल्या आल्याच जाहीर केलं होतं.

“भाऊजी, मनात काय असेल ते तोंडावर बोला ना,” तो म्हणाला. “पाकिटावर कशाला छापता?”

कृतिका हसून हसून लाल झाली, पण महिपतरावांना हसू आलं नाही. बायकोची पहिली परदेशी ऑर्डर आणि तिच्यावर ठळक अक्षरांत साले. ती रेघ काढून टाकली तर काय बिघडतं, असं त्यांनी विचारलं. मग कृतिकाने त्यांना समोर बसवून शिकवणीच घेतली. स्पॅनिशमध्ये n वर एक लाट असते, ती काढली तर ‘नवीन वर्षा’तल्या वर्षाचं असं काही होतं की ते ती आजोबांसमोर उच्चारू शकत नव्हती. तुर्की भाषेत i वर टिंब असणं आणि नसणं ही दोन वेगळी अक्षरं. पोलंडमध्ये l च्या पोटातून रेघ मारतात. व्हिएतनामी भाषेत तर खुणेवर खूण चढते, आणि आईच्या डोक्यावरची एक रेघ काढली की आईचं भूत होतं.

महिपतरावांनी हे सगळं मान डोलावत ऐकलं आणि म्हणाले, “म्हणजे अनुस्वारच झाले हे. आम्ही काढून टाकले ते.”

हा त्यांचा आवडता विषय. पूर्वी मराठीत उच्चार नसलेले अनुस्वार असायचे: तें, नांव, घरांत. नियम बदलले, ते अनुस्वार गेले, पण जुन्या लेखकांच्या हाताची सवय जाईना. छापखान्यात त्यांची हस्तलिखितं टिंबांनी भरलेली येत आणि पोरीच्या डोक्यातल्या उवा वेचाव्यात तशी महिपतराव ती टिंबं एकेक करून वेचत. चौतीस वर्षांत लाखभर तरी वेचली असतील. मराठीचं त्याने काही अडलं नाही, मग फ्रेंचचं काय अडणार होतं?

कृतिकाला कॉलेजला उशीर होत होता. जाताना तिने घाईघाईत आजोबांच्या फोनवर मेसेज टाकला: ‘रेघ बारीक आलीये. देवरामकाकांकडून E वरची खूण नीट काढून घ्या.’

देवरामच्या छापखान्याच्या दारात महिपतरावांनी तो मेसेज वाचला आणि तिथेच उभे राहिले. ‘काढून घ्या.’ चित्र काढतात तेही काढणं आणि काटा काढतात तेही काढणं. वाक्य द्व्यर्थी होतं. एखाद्या लेखकाने असं वाक्य लिहिलं असतं तर महिपतरावांनी समासात भलंमोठं प्रश्नचिन्ह टाकून हस्तलिखित परत पाठवलं असतं. नातीला काय म्हणायचंय हे त्यांना कळलं नाही असं मुळीच नाही. पण दोन अर्थांतला एक त्यांच्या फार सोयीचा होता.

आत देवराम स्क्रीनवर ओल्या फडक्याने काहीतरी पुसत होता. “काका, या E वर माशी बसलीय का बघा. केव्हाचा पुसतोय, उठतच नाही.”

झालं. देवरामसारख्या रोज हजार अक्षरं छापणाऱ्या माणसाला जी खूण माशी वाटते, ती गिऱ्हाइकाला काय वाटेल? शिवाय रेघ गेली की उरतो सेल. व्यापाराला यापेक्षा शुभ शब्द कोणता? महिपतरावांनी लाल पेन काढलं, रेघेला गोल केला आणि समासात चौतीस वर्षांच्या सवयीने ‘काढा’ची खूण केली. वरच्या ‘विमलाबाईंची खुसखुशित चकली’ या ओळीवरून त्यांनी जाता जाता नजर फिरवली. घरचीच भाषा, तिची काय काळजी. खाली ‘छापण्यास योग्य’ असं लिहून त्यांनी झोकात सही ठोकली.

दुपारी बारापर्यंत पाकिटांवर लेबलं चिकटली. आठ खोकी भरली आणि प्रत्येक खोक्यावर तेच लेबल मोठं करून लावलं. टेम्पो तीनला येणार होता, म्हणून खोकी खाली पार्किंगमध्ये नेऊन ठेवली आणि राखणीला प्लास्टिकच्या खुर्चीवर शिवरामला बसवलं. जेवण अंगावर आलं होतं, तरी तो डोळ्यांत तेल घालून बसतो म्हणाला. महिपतराव वर येऊन निवांत आडवे झाले.

त्यांना जाग आली ती गोदाकाकूंच्या आवाजाने. गोदाकाकू दुसऱ्या मजल्यावरच्या. त्या दारात उभ्या राहून विमलाबाईंना म्हणत होत्या, “विमल, चकलीचा सेल छान काढलास हो. कडबोळ्यांचा कधी?”

विमलाबाईंना आधी काही कळलंच नाही. मग त्यांनी गोदाकाकूंच्या पिशवीत डोकावून पाहिलं. पिशवीत सहा पाकिटं होती. पायात चपला न घालताच त्या जिना उतरल्या आणि त्यांच्यामागे लुंगी सावरत महिपतराव.

पार्किंगमध्ये एक खोकं उरलं होतं. त्याच्यासमोर शिवराम, दोन बिऱ्हाडांच्या बायका, समोरच्या इमारतीचा वॉचमन आणि रस्त्यावरून चाललेली दोन अनोळखी माणसं उभी होती.

“संपतच आलंय, ताई,” शिवराम अभिमानाने म्हणाला. “अर्ध्या भावाने दिलं. सेल म्हटल्यावर डिस्काउंट पाहिजेच ना.”

सेल आहे हे तुला कुणी सांगितलं, असं विमलाबाईंनी विचारलं, तेव्हा त्याने खोक्याकडे बोट केलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. बायका येऊन विचारायला लागल्या, सेल आहे का? त्याने खोक्यावर वाचलं, तर तसंच लिहिलेलं. सकाळी ‘साले’ होतं तेव्हा त्याने मनाला लावून घेतलं नाही, आता स्पष्ट सेल लिहिलेलं असताना तो नाही कसं म्हणणार? टेम्पोचा बेत रद्द करून इथेच विकायचं ठरलं असेल, असं त्याला वाटलं होतं.

एवढ्यात कृतिका कॉलेजमधून आली. तिने गर्दी पाहिली, खोकं पाहिलं, मग लेबल पाहिलं आणि ती आजोबांकडे वळली.

“आजोबा, मी लिहिलेलं ना, खूण काढून घ्या म्हणून.”

“काढून घेतली,” महिपतराव खालच्या आवाजात म्हणाले.

कृतिकाने कपाळाला हात लावला. “अहो, ती रेघ नसली तर फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होतो घाणेरडं. पाकिटावर काय छापलंय माहितीये? विमलाबाईंची चकली, घाणेरडा खाऊ.”

विमलाबाई रागावल्या असत्या, भांडल्या असत्या तर महिपतरावांना बरं वाटलं असतं. पण त्या उरलेल्या खोक्यावर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “वाण्याच्या यादीतसुद्धा तुम्ही माझे ऱ्हस्व-दीर्घ काढत आलात. मी म्हटलं, असू दे, स्वभाव आहे. आज पहिल्यांदा माझं काहीतरी लांब निघालं होतं हो.” आणि त्या जिना चढून गेल्या.

चौतीस वर्षांत त्यांच्या हातून मोठमोठ्यांच्या चुका निसटल्या नव्हत्या. आज त्यांनी स्वतः, जाणूनबुजून, बायकोच्या आठ दिवसांच्या मेहनतीवर लाल गोल मारला होता. त्यांना स्वतःची अतिशय लाज वाटली. मग त्यांनी शिवरामकडून रिकामं खोकं आणि जमलेले पैसे घेतले आणि पहिल्या मजल्यावरची पहिली बेल वाजवली.

कृतिकाने चित्राबाईंना फोन लावून टेम्पोला उशीर होतोय असं सांगितलं. त्या म्हणाल्या, मीच गाडी घेऊन साडेपाचपर्यंत येते, काकूंना भेटायचंही आहे. म्हणजे हातात अडीच तास होते.

ज्या दारांनी महिपतरावांना आजवर फक्त लाल पेन घेऊन येताना पाहिलं होतं, त्या दारांना ते खोकं घेऊन आलेले पाहून गंमत वाटली. गोदाकाकूंनी पाकिटं लगेच दिली, मात्र पुढच्या हळदीकुंकवाच्या चिठ्ठीला हात लावणार नाही असं कबूल करून घेतलं. तिसऱ्या मजल्यावरच्यांकडे एका पाकिटातल्या चार चकल्या उरल्या होत्या, त्या त्यांनीच महिपतरावांना खायला घातल्या. समोरचा वॉचमन पाकिटं परत द्यायला तयार झाला, पण पाकिटं का परत हवीत हे त्याने तीनदा ऐकून घेतलं आणि तिन्ही वेळा हसला. सगळ्यात शेवटी महिपतराव ‘आर्शिवाद’समोर उभे राहिले.

महेंद्रने ऑफिसात वाटायला बावीस पाकिटं घेतली होती. तो दारात हाताची घडी घालून उभा राहिला.

“देतो ना काका, काकूंसाठी केव्हाही देतो. फक्त आमची पाटी कशी वाटते ते एकदा सांगा. अकरा वर्षं विचारायचं राहिलंय.”

महिपतरावांनी पाटीकडे पाहिलं. ऱ्हस्व शि त्यांच्याकडे पाहत होती. रफार भलत्याच अक्षरावर चढून बसला होता. त्यांच्या डोळ्यांसमोर खोक्यावर हात ठेवून उभ्या असलेल्या विमलाबाई आल्या.

“छान दिसतंय,” ते म्हणाले.

महेंद्रने वीस पाकिटं मोजून दिली. दोन गाडीत आहेत, ती खालून आणून देतो म्हणाला.

चार वाजता एकशे ऐंशी पाकिटं दिवाणखान्यात सतरंजीवर मांडली गेली. कृतिका शाईचे मार्कर देऊन खोक्यांवरची लेबलं दुरुस्त करायला खाली गेली. तिच्या मागे महिपतरावांनी कामाची आखणी केली. गोदाकाकू आणि शिवराम यांना काय करायचं ते कळावं म्हणून त्यांनी साध्या मराठीत सांगितलं, “E वर मात्रा द्यायची.” त्यासरशी दोघांनी भराभर मात्रा द्यायला सुरुवात केली. अर्ध्या तासाने कृतिका वर आली तेव्हा साठ पाकिटं तयार होती आणि साठही चुकलेली होती.

“अहो, आपल्या मात्रेचं डोकं डावीकडे असतं,” ती म्हणाली. “हिचं उजवीकडे पाहिजे.”

“म्हणजे उलटी मात्रा,” महिपतराव म्हणाले.

“खायच्या वस्तूवर उलटी म्हणू नका,” गोदाकाकूंनी बजावलं.

शिवरामने सुचवलं की आहे त्या मात्रेला डावीकडून दुसरी रेघ टेकवू, टोपी होईल. तर तशी टोपीसुद्धा फ्रेंचमध्ये असते आणि ती इथे चालत नाही, असं कृतिकाने सांगितल्यावर त्या भाषेबद्दलचा त्याचा उरलासुरला आदर संपला. मग व्हाइटनर आला, साठ मात्रा पुसल्या गेल्या, आणि महिपतरावांनी सगळ्यांच्या हातून मार्कर काढून घेतले. ते भिंतीला टेकून बसले आणि एकेका E वर तिरकी रेघ देऊ लागले. सगळ्या रेघा एका मापाच्या, एका कलाच्या. लाखभर टिंबं वेचलेला हात आता वरून खुणा पेरत होता. विमलाबाई स्वयंपाकघराच्या दारातून बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी चहाचा कप आणून नवऱ्याच्या शेजारी ठेवला आणि त्या स्वतः पाकिटं पुढे सरकवू लागल्या. शंभराव्या पाकिटाला महिपतराव हळूच म्हणाले, “चुकलं माझं.” विमलाबाईंनी पुढचं पाकीट सरकवलं.

बरोबर साडेपाचला चित्राबाई आल्या. पन्नाशीच्या, कॉटनची साडी, आणि मराठी अशी की प्रत्येक अक्षर इस्त्री करून घातलेलं. त्यांनी पाकीट हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि रेघेवरून बोट फिरवलं.

“ही खूण हाताने काढलेली आहे का?”

“यांनी काढली,” विमलाबाई म्हणाल्या. “सकाळीही यांनीच काढली, आत्ताही यांनीच काढली.”

चित्राबाईंना त्यातलं अर्धंच कळलं, पण तेवढ्याने त्या खूश झाल्या. आमच्याकडेही छापणारे ही खूण खातात, कितीदा सांगावं लागतं, असं म्हणून त्यांनी महिपतरावांना हात जोडले. पाकिटं थोडी कमी असली तरी चालतील, पहिला मेळा आहे. महिपतरावांची मान तीन तासांनी पहिल्यांदा ताठ झाली. आपण चौतीस वर्षं हेच काम केलंय, मुद्रणातली चूक आपल्या नजरेतून सुटत नाही, वगैरे सांगायला त्यांनी सुरुवातही केली.

“मग काका, एक शंका विचारू?” चित्राबाई अदबीने म्हणाल्या. “आम्ही तिकडे शाळेत मराठी शिकलो. बाईंनी फार पाठ करून घेतलं होतं. ‘खुसखुशीत’ मधली शी आम्हाला दीर्घ शिकवली. इथे ऱ्हस्व छापली आहे. नवीन नियम आला आहे का?”

महिपतरावांनी पाकीट घेतलं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. वरून पहिल्या ओळीत, मराठीत, ठसठशीत अक्षरांत, दोनशे पाकिटांवर आणि आठ खोक्यांवर. एवढा वेळ ते त्या ओळीच्या अर्धा इंच खाली E वर रेघा देत होते. त्यांचा उजवा हात आपोआप खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला, कारण कुठल्या प्रुफावर गोल करायचा? त्याखाली सही त्यांचीच होती.

विमलाबाईंनी पदर तोंडाला लावला. आधी त्यांचे खांदे हलले, मग कृतिकाचे, आणि मग दोघी सतरंजीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. काय झालं ते शिवरामला कळलं नाही, तरी तोही हसला.

दार उघडंच होतं. गाडीतली दोन पाकिटं घेऊन महेंद्र केव्हाचा उंबऱ्यात उभा होता. त्याने पाकीट वर धरलं, ‘शि’कडे नीट पाहिलं आणि मग महिपतरावांकडे पाहिलं.

“असू द्या, काका,” तो म्हणाला. “छान दिसतंय.”